ट्रकच्या ताफ्यासाठी स्टोअरमध्ये सुटे भाग नेमके किती ठेवावेत?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर आपल्याला ती लगेच दिसेल. कळंबोलीत आपला ३८ मालट्रकांचा ताफा आहे. पुणे-चाकण, नाशिक, अहमदाबाद आणि हैदराबाद या मार्गांवर गाड्या धावतात. वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये सुटे भाग, टायर आणि ऑइल मिळून सुमारे ३१ लाखांचा माल आहे. आपले सीए म्हणतात की हा साठा निम्मा करा, फोरमन म्हणतो की साठा पुरत नाही, आणि गेल्या महिन्यात दोन गाड्या किरकोळ भागांसाठी तीन-तीन दिवस उभ्या राहिल्या. तेव्हा योग्य साठा किती रुपयांचा असावा, असे आपण विचारले आहे.

सीए आणि फोरमन या दोघांचेही म्हणणे खरे असण्याची शक्यता दाट आहे. मी बावीस वर्षे ट्रकच्या ताफ्यांची स्टोअर सांभाळली, आधी पनवेल भागात आणि नंतर चंद्रपूरच्या कोळसा वाहतुकीत. ज्या स्टोअरमध्ये माल जास्त असूनही गाड्या उभ्या राहतात, तिथे जवळजवळ नेहमी नको तो माल भरलेला असतो आणि हवा तो नसतो. म्हणून एकूण रुपयांचा आकडा आधी ठरवून त्यात माल बसवू गेल्यास हाती काही लागत नाही. प्रत्येक भागाची पातळी वेगळी ठरवावी लागते आणि त्यांची बेरीज म्हणजे आपला साठा. मात्र ती बेरीज गावावर, गाड्यांच्या मॉडेलांवर आणि पुरवठादारावर अवलंबून असते, त्यामुळे खालील आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत. आपले आकडे आपणच घालावेत.

सर्वांत आधी गाडी एक दिवस उभी राहिली तर काय खर्च येतो, हे एका कागदावर मांडावे. धरून चालू की एका गाडीचा कर्जाचा हप्ता महिन्याला ६०,००० रुपये, चालकाचा पगार २५,००० आणि विमा, कर व परमिट मिळून १२,००० रुपये आहेत. हे ९७,००० रुपये गाडी चालो वा न चालो, द्यावेच लागतात. म्हणजे दिवसाला सुमारे ३,२०० रुपये. बुडालेले भाडे आणि नाराज झालेला ग्राहक यांत धरलेले नाहीत. दुसऱ्या बाजूला, स्टोअरमध्ये पडून असलेल्या मालावर बँकेचे व्याज, जागा, खराबी, गहाळ होणे आणि मॉडेल जुने होणे असे सर्व धरून मी वर्षाला २० टक्के खर्च लावत असे. एक लाखाचा माल वर्षभर हलला नाही तर २०,००० रुपये गेले. त्यात एक मुद्दा वाहतूकदारांच्या ध्यानात सहसा येत नाही. जे ५ टक्के जीएसटीच्या मार्गाने काम करतात त्यांना इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्यामुळे सुट्या भागांवर भरलेला कर हा मालाच्या किमतीचाच भाग होतो आणि तोही शेल्फावर अडकून पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरील हा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा भार हलका झाला, पण गेला नाही.

आता भागांकडे वळू. प्रत्येक भागाबद्दल मी तीन प्रश्न विचारतो: तो वर्षात किती वेळा लागतो, मागवल्यावर किती दिवसांत हाती येतो, आणि नसला तर गाडी उभी राहते की चालू शकते. किमतीचा प्रश्न यांत मुद्दाम घेतलेला नाही, कारण बहुतेक मालक तोच सर्वांत आधी विचारतात आणि तिथेच फसतात. महाग भागांवर लक्ष ठेवण्यासाठी किमतीनुसार अ, ब, क अशी वर्गवारी करण्याची पद्धत चांगलीच आहे, परंतु तिच्या भरवशावर साठा ठरवला तर शंभर-सव्वाशे रुपयांचे हबचे ऑइल सील ‘क’ गटात जाते आणि कोणी त्याच्याकडे पाहत नाही. ते सील नसेल तर चाक उघडलेली गाडी मात्र तशीच उभी राहते. आपल्या दोन गाड्या कशासाठी थांबल्या हे आपण लिहिलेले नाही, पण त्या भागांची किंमत तपासून पाहावी.

दुसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत आपण सुदैवी आहात. कळंबोलीत ट्रकच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, आणि फॅन बेल्ट, बल्ब, ब्रेक लायनर, यू-बोल्ट यांसारखे सर्रास लागणारे भाग दोन तासांत हाती येतात. जे दुकान चारशे मीटरवर उघडे आहे त्याचा माल आपण आपल्या पैशाने साठवून ठेवण्याचे कारण नाही. अपवाद रात्रीचा, रविवारचा आणि दिवाळीच्या आठवड्याचा आहे. तेवढ्यापुरता साठा लागतोच. चंद्रपूरला असताना माझे गणित अगदी उलटे होते. तिथे अनेक भाग नागपूरहून येत, म्हणजे जाऊन-येऊन एक दिवस धरावा लागे, आणि नागपुरात नसेल तर आठवडा. तेवढ्याच गाड्यांसाठी मी तिथे पनवेलपेक्षा दीडपट माल ठेवत असे आणि तो योग्य होता. म्हणूनच एखाद्या मित्राच्या ताफ्याचा आकडा विचारून त्याप्रमाणे आपला साठा ठरवू नये.

नियमित खपणाऱ्या भागाचे उदाहरण म्हणून मागच्या चाकांच्या ब्रेक लायनरचा संच घेऊ. बोरघाट आणि कसारा घाट रोजचे असल्यामुळे आपल्याकडे त्यांचा खप चांगला असणार. समजा, वर्षाला ९६ संच लागतात, म्हणजे आठवड्याला सरासरी दोन. सर्वांत वाईट आठवड्यात चार लागले होते. ठोक पुरवठादाराकडून माल एरवी एका आठवड्यात येतो, पण कधी दोन आठवडेही लागले आहेत. सर्वांत वाईट खप आणि सर्वांत उशिराची खेप एकाच वेळी येतील असे धरले, तर आठ संच उरले असतानाच मागणी नोंदवावी लागेल. मी तसे करत नाही. खप दुप्पट झाला पण माल वेळेवर आला तर चार संच पुरतात. माल उशिरा आला पण खप सरासरी राहिला तरीही चारच पुरतात. त्यात एक वाढवून पाच ही मागणी नोंदवण्याची पातळी मी ठरवीन. दोन्ही संकटे एकदम आलीच, तर कळंबोलीच्या बाजारातून थोड्या चढ्या भावाने कमी पडणारे तीन संच आणता येतात. हाच भाग बाजारात न मिळणारा असता तर मी आठच धरले असते.

एका वेळी किती मागवावे, यासाठी १९१३ साली फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने मांडलेले सूत्र आजही वापरले जाते. वर्षाचा खप आणि एका मागणीचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करायची, तिला एक नग वर्षभर ठेवण्याच्या खर्चाने भागायचे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढायचे. संचाची किंमत ३,५०० रुपये असेल तर वर्षभर ठेवण्याचा खर्च ७०० रुपये होतो. मागणीचा खर्च, म्हणजे फोन, टेम्पो, मोजणी आणि बिलाची नोंद, मी ३०० रुपये धरतो. उत्तर नऊ येते. पण या सूत्राचे खरे मोल त्या नऊच्या आकड्यात नाही. नऊऐवजी सहा-सहा मागवले तरी मागणी आणि साठवणूक यांचा मिळून होणारा वार्षिक खर्च केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास वाढतो. या उदाहरणात ती वाढ साडेपाचशे रुपयांची आहे. एक गाडी एक दिवस उभी राहिली तर याच्या जवळजवळ सहापट पैसे जातात. त्यामुळे किती मागवायचे यावर डोके खाजवत बसण्यापेक्षा कधी मागवायचे याची शिस्त पाळणे अधिक फायद्याचे आहे. पुरवठादार पन्नास संचांवर पाच टक्के सूट देऊ लागला तर मोह होतो, परंतु पन्नास संच संपायला सहा महिने लागतील आणि तोवर त्यातील बऱ्याच पैशांवर व्याज चढत राहील, हे सूट घेण्याआधी मांडून पाहावे.

क्वचित लागणाऱ्या पण गाडी थांबवणाऱ्या भागांसाठी मात्र हे सरासरीचे गणित चालत नाही, आणि आपले बरेचसे पैसे बहुधा इथेच चुकीच्या जागी गेले असतील. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा या धूर-प्रदूषणाच्या कडक निकषाच्या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर नॉक्स सेन्सरसारखे (धुरातील नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे) महाग इलेक्ट्रॉनिक भाग आले, जे विकत घेतल्यावर दुकानदार सहसा परत घेत नाही. समजा, असा सेन्सर आपल्या ताफ्यात वर्षात तीन वेळा लागला आणि मागवल्यावर दहा दिवसांत येतो. एक नग जवळ ठेवला आणि तो वापरताच दुसरा मागवला, तर त्या दहा दिवसांत आणखी एक सेन्सर बिघडण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास असते. वर्षाला तीन बिघाड धरले तर चार वर्षांतून एखाद्या वेळी गाडी अडकेल. तेवढ्यासाठी दुसरा नग ठेवणे मला पटत नाही. याउलट, एखादा भाग वर्षात दहा वेळा लागतो आणि यायला महिना लागतो, असे असेल तर एक नग ठेवून निम्म्याहून अधिक वेळा हात रिकामे राहतात. दोन ठेवले तर पाचातून एकदा, आणि तीन ठेवले तर विसातून एकदा. इथे मी तीन ठेवीन. माझ्या अनुभवात फोरमनच्या आग्रहाने पहिल्या प्रकारचे भाग तीन-तीन घेतलेले असतात आणि दुसऱ्या प्रकारचा एकच असतो, कारण पहिल्याच्या वेळी झालेली धावपळ सर्वांच्या लक्षात राहते.

अल्टरनेटर, सेल्फ (स्टार्टर मोटर), ब्रेक चेंबर, प्रोपेलर शाफ्ट यांसारख्या जोडांसाठी, म्हणजे अनेक भाग मिळून बनलेल्या असेंब्लींसाठी, आणखी एक मार्ग आहे. सुटे भाग ठेवण्याऐवजी दुरुस्त करून तयार ठेवलेला एक अख्खा जोड फिरता ठेवावा. गाडी आली की जोड बदलून ती तासाभरात रवाना करावी आणि काढलेला जोड सावकाश दुरुस्त करावा. एसटीसारख्या मोठ्या ताफ्यांत ही पद्धत जुनी आहे. आपल्या ताफ्यात प्रत्येक मुख्य मॉडेलसाठी असे पाच-सहा जोड ठेवल्यास त्यांच्या आतील बारीक भागांचा साठा बराच कमी करता येईल.

टायरचा विषय स्वतंत्र आहे, कारण पैसा सर्वांत जास्त तिथे असतो. ३८ गाड्यांना सरासरी बारा चाके धरली तरी रस्त्यावर ४५६ टायर फिरत असतात, आणि त्याखेरीज स्टेपनी, स्टोअरमधील नवे टायर, रिमोल्डिंगला (झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवायला) गेलेले टायर आणि भिंतीला टेकवून ठेवलेले ‘बघू नंतर’ असे टायर असतात. पुष्कळ मालक यांपैकी फक्त नवे टायर साठा म्हणून मोजतात. रिमोल्डिंगवाल्याकडे वीस केसिंग, म्हणजे झिजलेल्या टायरचे सांगाडे, महिनाभर पडून राहिली तर त्यांची जागा भरण्यासाठी आपण नवे टायर विकत घेतो, म्हणजे त्याच्या दिरंगाईचा खर्च आपला साठा उचलतो. प्रत्येक टायरचा नंबर आणि तो कुठे आहे याची नोंद ठेवली आणि रिमोल्डिंगची मुदत ठरवून घेतली, तर नव्या टायरांची गरज आपोआप घटते. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. त्यानुसार जुना टायर आधी काढावा. वेल्डिंग किंवा बॅटरी चार्जिंगच्या शेजारी टायर रचू नयेत, कारण तिथे तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो.

ॲडब्लूच्या बाबतीत तर जास्त साठा म्हणजे सरळ नुकसान. बीएस-सहा गाड्यांच्या धुरातील प्रदूषण कमी करण्यासाठी वापरले जाणारे हे ३२.५ टक्के युरियाचे द्रावण आहे आणि उष्णतेने त्याचे आयुष्य घटते: २५ अंशांपर्यंत ठेवले तर सुमारे दीड वर्ष टिकते, ३५ अंशांवर मात्र सहा महिनेच. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत त्याहून जास्त तापते. म्हणून तीन-चार आठवड्यांपुरतेच घ्यावे आणि सावलीत ठेवावे. ऑइलचे पिंप उघड्यावर उभे ठेवले तर झाकणावर साचलेले पावसाचे पाणी आत ओढले जाते; ते आडवे ठेवावे.

ऋतूंचा उल्लेख केलाच आहे तर तेही सांगतो. वर्षभराची सरासरी काढून ठरवलेली पातळी जून महिन्यात हमखास फसते. वायपर, ताडपत्र्या, दोर, बॅटऱ्या आणि हबचे सील व बेअरिंग यांची पातळी मी मेच्या तिसऱ्या आठवड्यात वाढवत असे आणि सप्टेंबरात पुन्हा उतरवत असे. उन्हाळ्यात होज पाइप, बेल्ट आणि टायर जास्त जातात. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस, पुरवठादार आणि मेकॅनिक दोघेही सुट्टीवर जाणार हे गृहीत धरून माल भरावा लागतो.

या सर्व हिशेबांचा पाया म्हणजे खपाची नोंद, आणि तीच बहुतेक ठिकाणी खोटी असते. कोणी जाणूनबुजून खोटे लिहितो असे मला म्हणायचे नाही. मेकॅनिक घाईत बाजारातून रोखीने भाग आणतो आणि तो थेट गाडीला लागतो. बिन कार्डावर, म्हणजे त्या भागाच्या आवक-जावकीच्या कार्डावर, त्याची नोंद होत नाही. भाग मागितला आणि नव्हता, तर तीही नोंद होत नाही, त्यामुळे कागदावर त्या भागाला मागणीच नाही असे दिसते आणि पुढच्या वेळीही तो घेतला जात नाही. मी एक वेगळी वही ठेवली होती, तिच्यावर ‘मागितले, नव्हते’ एवढेच लिहिले होते. सहा महिन्यांत त्या वहीने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही सूत्राने शिकवले नाही.

नावांचा घोळ हा याच रोगाचा दुसरा प्रकार आहे. पनवेलला असताना एक गाडी सेल्फच्या कार्बनसाठी दोन दिवस उभी राहिली. कार्डावर शून्य होते, आणि ते खरेही होते. पुढे वार्षिक मोजणीत ‘स्टार्टर ब्रश सेट’ या नावाचे दुसरे कार्ड निघाले, त्यावर चौदा नग शिल्लक होते आणि तो त्याच गाडीचा तोच भाग होता. पुरवठादाराच्या बिलावर जे नाव होते ते एका कारकुनाने लिहिले, मेकॅनिक ज्या नावाने मागत असे ते दुसऱ्याने. चूक माझीच होती, कारण स्टोअर माझ्या ताब्यात होते. तेव्हापासून मी प्रत्येक कार्डावर कंपनीचा पार्ट नंबर आधी लिहायला लावला आणि नावे त्याखाली, जितकी प्रचलित असतील तितकी.

जुना भाग जमा केल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा नियमही आजच लागू करावा. त्याने चोरीला आळा बसतो हे उघड आहे, परंतु मला त्याचा अधिक उपयोग वेगळ्या कारणासाठी झाला. जमा झालेले क्लच प्लेट एकत्र पाहिले की एकाच गाडीचे प्लेट चार महिन्यांत दोनदा जळाले आहेत हे दिसते, आणि मग साठा वाढवण्याऐवजी चालकाशी बोलावे लागते.

आपण मॉडेलांची संख्या दिलेली नाही. ३८ गाड्या दोन मॉडेलांच्या असतील तर काम सोपे आहे. सहा मॉडेलांच्या असतील तर प्रत्येकासाठी वेगळा सेन्सर, वेगळा फिल्टर, वेगळे सील ठेवावे लागते आणि साठा वाढणे अटळ असते. पुढची गाडी घेताना ही किंमतही सौद्यात धरावी. तसेच जुनी गाडी विकताना तिचे उरलेले भाग तिच्याबरोबरच द्यावेत. गाडी गेल्यावर वर्षभराने ते भाग विकायला काढले तर कोणी भंगाराच्या भावापेक्षा जास्त देत नाही.

कामाला सुरुवात अशी करावी. एका रविवारी फोरमनला सोबत घेऊन सर्व माल मोजावा आणि दोन वर्षांत न हललेल्या मालाला लाल चिठ्ठी लावावी. त्यातील जे भाग आपल्या चालू गाड्यांना लागूच होत नाहीत ते विकायला काढावेत. जे लागू होतात आणि गाडी थांबवू शकतात त्यांतील एक-एक ठेवावा. मग सर्वाधिक वेळा लागणारे चाळीस-पन्नास भाग निवडून त्यांच्या मागणीच्या पातळ्या वरच्या रीतीने ठरवाव्यात आणि कार्डावर ठळक लिहाव्यात. उरलेल्या शेकडो भागांना सध्या हात लावू नये. सॉफ्टवेअर घ्यावे का, असे आपण शेवटी विचारले आहे. कार्डे तीन महिने बिनचूक भरली गेली की अवश्य घ्यावे, त्याआधी घेतले तर तोच घोळ संगणकावर दिसू लागेल.

आता सीएंच्या आकड्याविषयी. लायनरच्या उदाहरणात सुरक्षेपुरते तीन संच आणि येणाऱ्या खेपेचे निम्मे, असे मिळून सरासरी साडेसात संच शिल्लक राहतील, म्हणजे सुमारे २६,००० रुपये. असेच प्रत्येक भागाचे मांडून बेरीज केली की त्यांना दाखवायचा आकडा मिळेल, आणि तो ३१ लाखांपेक्षा बराच कमी निघेल असा माझा अंदाज आहे. परंतु जो माल नाही तो लगेच विकत घ्यावा लागतो आणि जो नको आहे तो विकायला सहा-आठ महिने जातात. त्यामुळे पहिल्या तिमाहीत आपला साठा कमी होण्याऐवजी दोन-तीन लाखांनी वाढेल, हे सीएंना आजच सांगून ठेवावे.